आईच्या दीर्घकाळच्या शुश्रूषेचा खर्च: ठेवी मोडाव्यात, की भावंडांनी वाटून घ्यावा?

करवीरकन्या

सर्वांना नमस्कार. या विषयावर घरात बोलणे अवघड होऊन बसले आहे, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

माझी आई ७९ वर्षांची असून कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरी राहते. गेल्या वर्षी तिचा खुबा मोडला. शस्त्रक्रियेचे बहुतेक बिल आरोग्य विम्यातून भागले, त्यामुळे त्या वेळी पैशांचा फारसा ताण आला नाही. खरा खर्च ती घरी आल्यावर सुरू झाला. चालणे वॉकरच्या आधारावर आले आणि पाठोपाठ डिमेन्शियाचे निदान झाले. ती अजून माणसे ओळखते, सही करते, वर्तमानपत्राचे मथळे वाचते. मात्र गॅस चालू ठेवून विसरते, रात्री उठून वडील कुठे गेले असे विचारते आणि एकटीला तासभरही सोडता येत नाही. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे हे अनेक वर्षांचे काम आहे.

महिन्याचा खर्च असा आहे: दिवसपाळीला सांभाळायला येणाऱ्या मावशींचे १७,००० रुपये, फिजिओथेरपिस्टचे ४,८००, डायपर आणि इतर साहित्याचे ३,५००, औषधांचे २,८००. एकूण २८,१०० रुपये. वडील इचलकरंजीला सूतगिरणीत नोकरीला होते; त्यांच्या मागे आईला ईपीएसचे (भविष्यनिर्वाह निधीच्या निवृत्तिवेतन योजनेचे) १,९०० रुपये मिळतात. तिच्या नावावर बँकेत १८ लाखांच्या मुदत ठेवी आहेत आणि एका पतसंस्थेत ४ लाख रुपये आहेत.

माझे दोन्ही भाऊ पुण्यात असतात. ते जमेल तसे पैसे पाठवतात, पण ठेवींना हात लावायचा नाही, त्या आईच्या शेवटच्या आजारपणासाठी आहेत, असे त्यांचे ठाम म्हणणे आहे. मी इथेच, कोल्हापुरातल्या संभाजीनगर भागात सासरी राहते, शाळेत नोकरी करते आणि रात्री आईकडे झोपायला जाते. जो फरक पडतो तो आजवर माझ्या पगारातून भरला जात आहे. कागल तालुक्यातल्या शेतीवर मी काही वर्षांपूर्वी भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिले आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु आता हा भार कोणी आणि कोणत्या पैशातून उचलायचा हे ठरले पाहिजे. आईचे पैसे आईसाठी वापरा असे म्हटले की मी ठेवींवर डोळा ठेवून आहे असा सूर निघतो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त_लेखाधिकारी

ताई, आपल्या भावांना एक गोष्ट शांतपणे सांगावी. ज्या शेवटच्या आजारपणासाठी ठेवी राखल्या, तेच हे आजारपण आहे. आपल्याकडे शेवटचे आजारपण म्हटले की अतिदक्षता विभाग आणि एकरकमी मोठे बिल असे चित्र डोळ्यांसमोर येते. त्या खर्चासाठी निदान विमा तरी आहे, आणि ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचे संरक्षण मिळते. आईंच्या नावे या योजनेचे 'वय वंदना' कार्ड काढले नसेल तर आधी काढून घ्यावे. खाजगी विमा असला तरी ते मिळते. दर महिन्याला थोडे थोडे करून वर्षानुवर्षे चालणाऱ्या शुश्रूषेसाठी मात्र असे कुठलेच छत्र नाही. म्हणून ज्यासाठी दुसरी कोणतीही सोय नाही, त्यासाठीच आईंची पुंजी वापरणे शहाणपणाचे आहे.

आता हिशोब पाहू. २८,१०० मधून निवृत्तिवेतन वजा केले तर महिन्याला २६,२०० रुपये लागतात. ठेवींवरचे व्याज आणि वाढती महागाई एकमेकांना खाऊन टाकतात असे धरले, तरी १८ लाख रुपये साडेपाच वर्षांहून थोडे अधिक पुरतात. म्हणजे उद्या काहीच उरणार नाही अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. त्याचबरोबर ही रक्कम अक्षय आहे असेही नाही.

माझी सूचना अशी की १२ लाख रुपये पोस्टातील किंवा बँकेतील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवावेत. या योजनेत एप्रिल २०२३ पासून वार्षिक ८.२ टक्के व्याज मिळत आले आहे, मर्यादा ३० लाखांची आहे आणि व्याज दर तिमाहीला खात्यात जमा होते. १२ लाखांवर तिमाहीला २४,६०० म्हणजे महिन्याला ८,२०० रुपये येतील. उरलेली तूट १८,००० रुपयांची. ती भागवण्यासाठी बाकीचे ६ लाख रुपये छोट्या मुदतीच्या ठेवींत विभागून ठेवावेत. ते पावणेतीन वर्षे पुरतील. तोवर बचत योजनेची दोन वर्षे पूर्ण झालेली असतील आणि पुढे गरज पडल्यास मुद्दलाच्या १ टक्का वजावटीने खाते बंद करता येईल. या खात्यातून थोडी रक्कम काढता येत नाही, खाते बंदच करावे लागते, म्हणून १२ लाखांचे एक खाते न उघडता ३ लाखांची चार खाती उघडावीत.

पतसंस्थेतल्या ४ लाखांविषयी स्पष्ट बोलतो. आपल्या जिल्ह्यात शेजारच्या पतसंस्थेत एखादा टक्का जास्त मिळतो म्हणून ठेव ठेवण्याची रीत जुनी आहे आणि चांगल्या चाललेल्या संस्थाही आहेत. परंतु बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकांतल्यासुद्धा, ठेव विमा महामंडळाचे ५ लाखांपर्यंतचे संरक्षण असते. पतसंस्थेतल्या ठेवींना ते नसते. ज्या पैशांतून मावशींचा पगार जायचा आहे, ते तिथे असू नयेत. मुदत संपेल तसे काढून घ्यावेत.

शिरोळकर

मतभेद नोंदवतो. आईवडिलांनी आपले केले तेव्हा त्यांनी वही घालून हिशोब ठेवला नव्हता. तीन कमावती मुले असताना आईच्या ठेवी मोडाव्या लागणे ही आपल्या समाजात भूषणावह गोष्ट नाही. भावांनी समान वाटणी करून खर्च द्यावा आणि ठेवी तशाच राहाव्यात, हे मला योग्य वाटते. ठेवी असल्याचा म्हाताऱ्या माणसाला आधार वाटतो, याचाही विचार व्हावा.

राजारामपुरी_सातवीगल्ली

आमच्या घरी सासूबाई दीर्घकाळ अंथरुणाला खिळून होत्या, त्यामुळे अनुभवाच्या काही गोष्टी लिहिते. शिरोळकरांच्या भावनेचा आदर आहे. मात्र वही घातली नाही की खर्च सर्वांत जवळ राहणाऱ्यावर येऊन पडतो, आणि ती बहुतेक वेळा घरातली बाईच असते.

ताईंनी मांडलेल्या २८,१०० मध्ये रात्रीचा आकडा शून्य आहे. तो शून्य नसून ताई स्वतः तो भरत आहेत. रात्रीच्या मावशी ठेवल्या तर दिवसापेक्षा फार कमी पैसे लागत नाहीत. हिशोबात तो आकडा लिहावा, जरी प्रत्यक्षात कोणाला द्यायचा नसला तरी, म्हणजे पुण्याहून पाहणाऱ्यांना एकूण खर्च दिसेल.

मावशी ब्युरोमार्फत (अशा बाया पुरवणाऱ्या संस्थेमार्फत) असतील तर काही गोष्टी पहिल्याच दिवशी लेखी करून घ्याव्यात. ब्युरो दरमहा कमिशन घेतो की एकदाच घेतो, आठवड्याच्या सुटीला बदली बाई पाठवणार की नाही, आणि पाठवली तर त्या दिवसाचा दर कोणता. आमच्या एका ब्युरोने दिवाळीत बदली बाईचे दुप्पट पैसे लावले होते आणि वर मूळ बाईचा पगारही कापू दिला नाही. शक्य असेल तर मावशींचा पगार थेट त्यांच्या हाती किंवा खात्यात किती जातो हे विचारावे. कमिशन कापून फार थोडे उरत असेल तर त्या टिकत नाहीत, आणि दर दोन महिन्यांनी नवी बाई आली की डिमेन्शियाचा रुग्ण सैरभैर होतो.

आणखी एक. कामाची व्याप्ती ठरवावी. कूस बदलणे, स्पंजिंग, डायपर, भरवणे, वॉकर धरून फिरवणे हे त्यांचे काम. कॅथेटर किंवा नाकातली नळी आली तर नर्स लागते आणि तिचा दर वेगळा असतो. आमच्याकडे पाठीला दोन रुपयांच्या नाण्याएवढा लाल डाग दिसला, तेव्हा एका अनुभवी मावशींनी त्याच दिवशी एअर बेड आणायला लावला. बेडसोर वाढला असता तर ड्रेसिंगचा खर्च त्या बेडच्या कितीतरी पट झाला असता. बेड, व्हीलचेअर, कमोड खुर्ची विकत घेऊ नये. शहरातली अनेक मंडळे आणि संस्था असे रुग्णोपयोगी साहित्य अनामत घेऊन वापरायला देतात.

पंचगंगाकाठ

आरोग्य विम्याविषयी थोडेसे, कारण मी त्या क्षेत्रात काम केले आहे. अनेकांना वाटते की पॉलिसी मोठी असेल तर घरच्या शुश्रूषेचेही पैसे मिळतील. विमा नियामकाने सर्व कंपन्यांसाठी अपवादांची जी प्रमाण भाषा ठरवून दिली आहे, त्यातला पाचवा अपवाद नेमका याचसाठी आहे. उपचार हा मुख्य हेतू नसून आंघोळ, कपडे, हालचाल अशा दैनंदिन कामांत मदत हा हेतू असेल, तर तो खर्च मिळत नाही, मग ती मदत घरी असो की संस्थेत. काही पॉलिसींत घरी उपचार घेण्याची तरतूद असते. पण रुग्णालयात ठेवावे लागले असते असा आजार आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालचे उपचार एवढ्यापुरतीच ती असते. मावशींचा पगार त्यात बसत नाही. वय वंदना कार्डाचेही तसेच आहे. ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे.

तरीही आईंची पॉलिसी बंद पडू देऊ नये. पुन्हा फ्रॅक्चर, न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा संसर्ग या गोष्टी अशा रुग्णांत वारंवार होतात आणि तेव्हा ती उपयोगी पडते. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी गेला आहे, एवढाच काय तो दिलासा.

वकील_टाकाळा

कायद्याच्या बाजूने तीन मुद्दे मांडतो. पहिला सगळ्यांत निकडीचा आहे आणि त्याकडे अजून कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

आई आज सही करतात आणि समजून बोलतात. डिमेन्शिया वाढत जाणारा आजार आहे. पुष्कळ कुटुंबे कुलमुखत्यारपत्र करून निश्चिंत होतात. परंतु ते देणाऱ्या व्यक्तीची समजशक्ती गेली की आपल्या करार कायद्याप्रमाणे तो अधिकारही संपतो. नेमकी गरज असते तेव्हाच तो कागद निरुपयोगी ठरतो. त्यानंतर ठेवी मोडायच्या तर पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागते. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ मधील नामनिर्देशित प्रतिनिधीला उपचारांबाबत अधिकार असतात, मालमत्तेबाबत नसतात. म्हणून बँकेतले खाते आणि ठेवी आताच संयुक्त कराव्यात, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' अशा पद्धतीने, आणि डॉक्टरांकडून आई व्यवहार समजू शकतात असे त्या दिवसाचे प्रमाणपत्र घेऊन ठेवावे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे खाते फक्त पती-पत्नींनाच संयुक्त काढता येते. आईंच्या बाबतीत ते एकटीचेच राहील. तेव्हा त्या योजनेत किती रक्कम गुंतवायची, हे लेखाधिकारी साहेबांनी पुन्हा तपासावे.

दुसरा मुद्दा पोटगीचा. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण कायदा, २००७ प्रमाणे प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे आईंना अर्ज करता येतो किंवा त्यांच्या वतीने त्यांनी अधिकार दिलेल्या व्यक्तीला करता येतो. मुलगा आणि मुलगी यांची जबाबदारी सारखीच आहे. शेतीचा हक्क सोडला म्हणून ताईंची जबाबदारी कमी होत नाही आणि शेती मिळाली म्हणून भावांची वाढत नाही; वारशाच्या प्रमाणात जबाबदारी ही तरतूद अपत्य नसलेल्या ज्येष्ठांच्या नातेवाईकांपुरती आहे. निर्वाहाची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे. निर्वाहासाठी दुसरा मार्गही आहे: फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम १२५ ऐवजी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आहे. त्यात अशी मर्यादा नाही. तरीही कमावत्या, पैसे पाठवणाऱ्या भावांविरुद्ध आईला अर्जदार करून उभे करू नये असे माझे मत आहे. हा कायदा ज्यांची मुले पाठ फिरवतात त्यांच्यासाठी आहे. आपल्या घरात एका कागदावर लिहून सह्या केलेला समजुतीचा करार पुरेसा व्हावा.

तिसरा मुद्दा घराचा. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील आणि घर त्यांनी स्वतः घेतलेले असेल, तर त्यात आई आणि तीन मुले असे चार समान हिस्से आहेत. प्रॉपर्टी कार्डावर चौघांची नावे लागली आहेत का ते पाहावे. ताईंचे हक्कसोडपत्र शेतीपुरते असेल तर घरातला त्यांचा हिस्सा कायम आहे.

करवीरकन्या

सर्वांचे मनापासून आभार. वकील साहेब, घराचा विषय आपण काढलात म्हणून विचारते. धाकटा भाऊ म्हणतो की आईने तिचा घरातला हिस्सा आम्हा दोघा भावांना बक्षीस द्यावा, शुल्कही नाममात्र आहे, आणि मग आम्ही तिचा सगळा खर्च करू. दुसरा पर्याय म्हणून बँकेची रिव्हर्स मॉर्गेज योजना असते असे ऐकले. यातले काय करावे?

वकील_टाकाळा

महाराष्ट्रात रहिवासी घर किंवा शेतजमीन मुलांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे हे खरे; अधिभार व नोंदणीचा खर्च वेगळा. मात्र दोन अडचणी आहेत. डिमेन्शियाचे निदान झाल्यानंतरच्या बक्षीसपत्राला पुढे कोणीही आव्हान देऊ शकते. आणि बक्षीस देऊन टाकल्यावर आईंच्या हाती काही राहत नाही. २००७ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न केल्यास परत घेता येते. पण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट सिद्ध व्हावी लागते असे सांगितले आहे. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने या कलमाचा उदार अर्थ लावला, तरी त्याही प्रकरणात सांभाळाचे लेखी वचन होतेच. म्हणून बक्षीसपत्र करायचेच झाले तर दस्तात निवास, औषधोपचार आणि शुश्रूषेची अट स्पष्ट शब्दांत हवी. माझा सल्ला विचाराल तर करूच नये.

निवृत्त_लेखाधिकारी

रिव्हर्स मॉर्गेज ही योजना २००८ पासून आहे. साठीपुढच्या मालकाने स्वतःच्या राहत्या घरावर बँकेकडून हप्त्याने पैसे घ्यायचे, हयातीत परतफेड नाही, पश्चात वारसांनी कर्ज फेडून घर ठेवावे किंवा बँकेने विकून वसूल करावे, अशी तिची रचना. मिळणाऱ्या हप्त्यांवर प्राप्तिकर लागत नाही. कागदावर ती उत्तम आहे. परंतु घर स्वतः मिळवलेले आणि निर्वेध मालकीचे लागते. पेठेतल्या चार वारसांच्या घराला ती बसणार नाही. वरचा मजला मोकळा असेल तर भाड्याने द्यावा आणि भाडे आईंच्या खात्यात घ्यावे. इतरांचेही हिस्से असल्याने तिघा भावंडांची लेखी संमती ठेवावी.

वकील साहेबांचा आक्षेप रास्त आहे. एकटीच्या नावाचे खाते पुढे अडकू शकते, त्यामुळे मी माझा आकडा बदलतो. बचत योजनेत १२ ऐवजी ६ लाख ठेवावेत, तिमाही व्याज आईंच्या संयुक्त बचत खात्यात जमा होईल अशी सूचना द्यावी, आणि १२ लाख संयुक्त मुदत ठेवींतच राहू द्यावेत. व्याज थोडे कमी मिळेल, पण पैसा हाताशी राहील.

शिरोळकरांना उत्तर राहिले. ठेवी मोडणे भूषणावह नाही असे म्हणताना त्या ठेवी शेवटी कोणाला मिळणार आहेत, हाही प्रश्न विचारावा लागतो. आईंच्या पश्चात त्या तिघांत वाटल्या जातील. आज खर्च एकटी बहीण करते आणि उद्या वाटणी समान होते, यात आईची सेवा कमी आणि भावांची बचत जास्त होते.

शिरोळकर

हा शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. त्या बाजूने मी विचार केला नव्हता. ज्येष्ठांना ठेवींचा आधार वाटतो हे माझे म्हणणे मात्र कायम आहे. आईंना विचारूनच काय ते करावे.

करवीरकन्या

रविवारी दोघे भाऊ आले होते. हा धागा मोबाईलवर दाखवण्याऐवजी मी आकडे वहीत लिहून पुढे ठेवले, रात्रीच्या मावशींचा १५,००० चा आकडाही लिहिला. आईला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "माझ्यापायी कुणाचं घर बसायला नको, आहेत ते पैसे काढा." दुपारी तिने तेच पुन्हा सांगितले, त्यामुळे ते तिला समजले होते असे मी धरते.

ठरले ते असे. दिवसाचा सगळा खर्च आईच्या खात्यातून जाईल. आठवड्यातून चार रात्री मावशी ठेवायच्या आणि त्यांचे पैसे दोघा भावांनी दरमहा आईच्याच खात्यात भरायचे. उरलेल्या रात्री मी जाईन. माझ्या किंवा भावांच्या खिशातून परस्पर काही द्यायचे नाही, म्हणजे बँकेचे पासबुक हेच हिशोबाचे पुस्तक होईल. संयुक्त खात्यात माझे आणि थोरल्या भावाचे नाव लागेल. बक्षीसपत्राचा विषय थोरल्याने स्वतःच बाजूला ठेवला. धाकटा अजून नाराज आहे. वरच्या मजल्याचे रंगकाम झाल्यावर भाडेकरू पाहणार आहोत.

एकच शंका उरली आहे. आईचा हात आता थरथरतो आणि सही जुळत नाही म्हणून बँकेने गेल्या आठवड्यात फॉर्म परत केला. तिला बँकेत नेणे कठीण आहे. याला काय उपाय?

पंचगंगाकाठ

आजारी किंवा अशक्त खातेदारासाठी रिझर्व्ह बँकेची कार्यपद्धती ठरलेली आहे. सही होत नसेल तर अंगठा चालतो. तो बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखायचा असतो आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. ७० वर्षांवरील खातेदारांना घरपोच सेवा द्यावी अशीही सूचना बँकांना आहे. शाखा व्यवस्थापकांच्या नावे लेखी अर्ज करावा, सोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी विनंती काउंटरवरच अडते. अधिकारी घरी येतील त्याच भेटीत संयुक्त खात्याचा फॉर्म, नामनिर्देशन आणि ठेवींवरची नावे बदलण्याचे अर्ज असे सगळे कागद तयार ठेवावेत.

वकील_टाकाळा

आणि डॉक्टरांचे समजशक्तीचे प्रमाणपत्र त्याच तारखेचे असू द्यावे, आठवडाभर आधीचे नको.

करवीरकन्या

अर्ज उद्याच देते. धन्यवाद.